मुळांची सावड

तीन वर्षांपूर्वी माघ महिन्यात देवगाव रंगारी येथील सप्ताहात आमची कीर्तनसेवा झाली. कन्नड तालुक्यातील हे गाव आम्हांस नवे नाही. पोरवयात गुरुजींच्या मागे टाळकरी म्हणून उभे राहण्यास आम्ही येथे येत असू. तेव्हा शेवटचे दोन कोस बैलगाडीने यावे लागे. त्या रात्री निरूपणास परोपकाराचा विषय होता. पाठशाळेत घोकलेले नदी, वृक्ष आणि गाय हे दृष्टान्त ऐकून श्रोते कंटाळले असतील, असे समजून आम्ही एक नवा दृष्टान्त योजिला. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत तो वाचला होता.

आम्ही म्हणालो, 'बघा, झाडाच्या मुळाशी एक बुरशी राहते. डोळ्यांस दिसत नाही, नाव नाही, गाव नाही. दुरून अन्न आणते, पाणी आणते, मुळाला देते आणि काही मागत नाही. एवढेच काय, मोठ्या झाडाचा रस नेऊन त्याच्या सावलीतल्या लेकराला पाजते. संत याहून वेगळे काय करतात?' माना डोलल्या. मायबहिणींनी पदर डोळ्यांस लावला. आम्हांसही बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

पंगतीत आमच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. आल्याची शेती करणारे, गळ्यात माळ, चाळीस वर्षांचे वारकरी. ते हळूच म्हणाले, 'महाराज, राग मानू नका, पण ती बुरशी फुकट न्हाई देत. झाडाकडून साखर घेती. आमाला शिबिरात सांगितलंय.' आम्ही हसून म्हटले, 'असेल बुवा.' थोड्या वेळाने भाताचा घास हातात धरून ते पुन्हा म्हणाले, 'मंग ते दान म्हनायचं का येवहार? आन् सप्त्याचं पाकीट असतंय, ते कशात धरायचं?'

त्यांनी हे उद्धटपणे विचारले नाही. त्यांना खरोखर जाणून घ्यावयाचे होते, आणि म्हणूनच आम्हांस ते लागले. त्या रात्री झोप आली नाही.

आमच्या पाठशाळेत तर्काचे गुरुजी सांगत की दृष्टान्त एकदेशी असतो. चंद्रासारखे मुख म्हटले म्हणजे मुखावर डाग शोधू नयेत. खरे आहे. परंतु ज्या अंशासाठी दृष्टान्त घ्यावयाचा, त्याच अंशी तो खोटा असेल तर तो दृष्टान्तच राहत नाही. बुरशी काही मागत नाही, हाच आमच्या दृष्टान्ताचा प्राण होता, आणि नेमके तेच खरे नव्हते. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले म्हणून ते खरे होत नाही. तेव्हा आम्ही ठरविले की आधी हे प्रकरण समजून घ्यावयाचे.

शहरात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरास, आमच्या पुतण्याचे एक स्नेही महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवितात. त्यांनी पुष्कळ वेळ दिला. या बुरशीला मायकोरायझा म्हणतात. शब्द ग्रीक, अर्थ सरळ, बुरशी-मूळ. १८८५ साली जर्मनीत आल्बर्ट फ्रांक नावाच्या पंडिताने हे नाव ठेविले. सरकारने त्यास काम सांगितले होते वेगळेच: जमिनीखाली वाढणारी ट्रफल नावाची महागडी अळंबी शेतात पिकविता येते का, ते पाहा. अळंबीची शेती त्यास काही साधली नाही, पण झाडांची मुळे उकरताना त्यास दिसले की निरोगी मुळांभोवती बुरशीचे वेष्टन आहे आणि झाड त्यामुळे मरत नाही, उलट पोसले जाते. बुरशी म्हणजे रोग, असे समजण्याचे ते दिवस. त्याला पुष्कळ विरोध झाला.

आपल्या पिकांतली बुरशी त्याहून निराळ्या जातीची; ती बाहेरून गुंडाळत नाही, मुळाच्या आत शिरते. कापूस, मका, ज्वारी, तूर, कांदा, आले, मोसंबी या सर्वांच्या मुळांत ती असते. पृथ्वीवरच्या दहा वनस्पतींपैकी सात-आठांच्या मुळांत तिचा वास आहे. मोहरी-कोबीचे कूळ आणि पालकाचे कूळ मात्र तिच्यावाचून एकटेच राहते. आणि हे घर किती जुने? स्कॉटलंडात रायनी म्हणून गाव आहे. तेथल्या दगडांत सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती जशाच्या तशा गोठून राहिल्या आहेत. त्यांतल्या काहींना अजून धड मुळेही फुटली नव्हती, पण त्यांच्या अंगात ही बुरशी आहे. म्हणजे मुळांच्या आधीची ही सोबत.

ती देते काय? मुख्यतः स्फुरद. आपली काळी जमीन चुनखडीची. तिच्यात स्फुरद असतो, पण पुष्कळसा चुन्याशी बांधलेला. जो सुटा असतो तोही जागचा फारसा हालत नाही. मुळी आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा स्फुरद खाऊन टाकते आणि मग उपाशी बसते. पंगतीत आपल्या पानातले संपावे आणि वाढपी पलीकडच्याच रांगेत फिरत राहावा, तशी तिची गत. बुरशीचे तंतू मुळीच्या केसाहूनही बारीक. ते मातीच्या फटींतून चार-सहा बोटे पलीकडे जातात आणि सुटे कण वेचून आणतात. जस्तही आणतात.

आणि घेते काय? झाड उन्हात जी साखर तयार करते, तिचा शंभरातला चार ते वीस भाग. शिवाय या बुरशीला स्निग्ध अंश स्वतः तयार करता येत नाही. तोही ती झाडाकडूनच घेते, हे २०१७ साली सिद्ध झाले. जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही. बाटलीत खाऊ घालून तिला वाढविता येत नाही. दिल्लीच्या टेरी संस्थेने तिचे खत तयार करण्याची रीत बसविली, तीही मुळे जिवंत ठेवून त्यांच्यावरच वाढविण्याची.

प्राध्यापकांनी आम्हांस ती दाखविलीही. आल्याची पांढरी मुळी दाहक क्षारात उकळून तिचा रंग काढला, मग निळ्या रंगात बुडविली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेविली. आम्ही डोळा लावला. मुळीच्या एकेका पेशीत बुरशीचे एकेक लहान झाड उभे होते, फांद्यांना फांद्या फुटलेले. प्राध्यापक म्हणाले, 'महाराज, हे झाड पेशीच्या भिंतीतून आत येते खरे, पण पेशीचे आतले पटल कधी फोडत नाही. ते पटलच त्याच्या फांदीफांदीभोवती वेढा घेते. देणेघेणे त्या वेढ्यातून चालते. थोड्या दिवसांत हे झाड कोमेजते, मग शेजारच्या पेशीत दुसरे उभे राहते.' पाहुणा ओसरीवर आला, घरच्यांनी पाट मांडला, पण देवघराचा उंबरा त्याने ओलांडला नाही. आम्ही बराच वेळ डोळा काढला नाही.

आता मोठ्या झाडाने लेकराला रस पाजण्याची गोष्ट. १९९७ साली कॅनडातील सुझान सिमार्ड या विदुषीने दोन जातींच्या रोपांत कार्बनाची देवाणघेवाण मोजून दाखविली, आणि त्यावरून पुढे जंगलातील मातांच्या कथा जगभर पसरल्या. परंतु २०२३ साली तिघा शास्त्रज्ञांनी सर्व पुरावा पुन्हा तपासला आणि स्पष्ट लिहिले की जंगलात बुरशीच्या वाटेने झाडे आपल्या लेकरांना पोसतात, असे म्हणण्याजोगा पुरावा नाही; कथा पुराव्याच्या पुढे धावली आहे. कथा पुढे धावविणाऱ्यांत देवगावच्या मंडपात उभे असलेले आम्हीही होतो.

मग व्यवहार म्हणावे काय? तसे म्हणणारेही आहेत. २०११ साली टोबी कीयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. एकाच झाडाच्या मुळांवर जास्त स्फुरद देणारी आणि कमी देणारी अशा दोन्ही बुरशा ठेविल्या. झाडाने जास्त देणारीकडे जास्त साखर धाडली. उलट बाजूने पाहिले तर बुरशीनेही जास्त साखर देणाऱ्या मुळाला जास्त स्फुरद दिला. त्या पंडितांनी याला बाजाराची उपमा दिली. पुष्कळांना ती पटते. आम्हांस ती पहिल्या दृष्टान्ताइतकीच लंगडी वाटते. बाजारात ज्याच्याशी सौदा झाला त्याच्यावाचून आपण मरत नाही, दुसऱ्या दुकानात जातो. येथे दुकानदार गिऱ्हाइकाच्या पेशीत राहतो आणि गिऱ्हाईक नसेल तर उपाशी मरतो.

आम्ही हे सर्व ऐकून पुन्हा देवगावास गेलो, ते मुद्दाम त्या गृहस्थांना भेटावयास. आल्याच्या काढणीचे दिवस होते. पाला वाळून पडला होता आणि बायका गड्डे उकरीत होत्या. बांधावर बसून आम्ही त्यांना बाजाराची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'बाजार न्हाई, महाराज. ही सावड हाये.'

वाचकांपैकी शेतकरी आहेत त्यांस सावड सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच की ज्याच्याकडे एकच बैल आहे तो दुसऱ्या एकबैल्याशी जोडी जमवितो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. खुरपणीलाही माणसे अशीच एकमेकांच्या शेतात जातात. मजुरी नाही, कारण कोणी पैसे मोजत नाही. दानही नाही, कारण प्रत्येकाला ठाऊक असते की माझ्या रानाची पाळी येणार आहे. आपण तुझ्याकडे दोन दिवस आलो आणि तू माझ्याकडे दीडच दिवस आलास, हे कोणी बोलून दाखवीत नाही. पण जो दरवर्षी अंग चोरतो त्याला पुढच्या साली कोणी हाक मारीत नाही. कीयर्सबाईंच्या प्रयोगात झाडाने केले ते हेच. हाक मारली नाही, एवढेच; बुरशीवर दावा लावला नाही.

न्यायशास्त्रात अन्योन्याश्रय हा दोष मानला आहे. अ सिद्ध होण्यास ब हवा आणि ब सिद्ध होण्यास अ, तर दोन्ही असिद्ध. आम्ही तरुणपणी वादसभेत हा दोष दाखवून कितीकांची तोंडे बंद केली. मातीत मात्र हा दोष चाळीस कोटी वर्षे नांदत आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देव आणि माणसे यांनी एकमेकांचे पोषण करावे असे सांगितले आहे, आणि मिळालेले परत न देता जो एकटा भोगतो त्याला चोर म्हटले आहे. तेथे परत देण्याला कमीपणा नाही. आम्ही हा अध्याय शेकडो वेळा सांगितला, पण निरूपणात नेहमी निष्काम या शब्दाकडे धावत गेलो आणि परस्पर हा शब्द वाटेत सांडून ठेविला.

नाथांनी गंगेची कावड गाढवाच्या मुखी घातली, तेथे परतीचा विचार नव्हता, हे आम्ही त्या गृहस्थांस म्हटले. ते म्हणाले, 'ते नाथ महाराज. आपुन मुळ्या.'

सावड मोडते कशी, हेही त्यांनीच सांगितले. गावात ट्रॅक्टर आले, ज्याच्याकडे पैसा त्याने भाड्याने आणले, आणि मग कोण कोणाच्या रानात जातो? जमिनीखालीही तसेच आहे. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ लिहिलेले असते. त्यातला ४६ हा आकडा स्फुरदाचा. तो मुळाशी भरपूर पडला म्हणजे झाड बुरशीला साखर देईनासे होते, तिला घरात घेण्याचेच कमी करते. आता कोणी म्हणेल, खत घालू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. रिकाम्या जमिनीत बुरशी तरी कोठून आणील? पण माती न तपासता दरसाल पोत्यांवर पोती ओतणाऱ्याने, आपण जमिनीखाली कोणाची सोडचिठ्ठी लिहितो आहोत, हे जाणून असावे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात आपल्यासारखीच काळी जमीन आहे. पाणी साठावे म्हणून तेथले शेतकरी जमीन वर्षभर किंवा अधिक काळ मोकळी ठेवीत. विश्रांती मिळालेल्या त्या जमिनीत पेरले तर पीक खुरटे, स्फुरद आणि जस्ताला मोताद. जे. पी. थॉम्पसन यांनी १९८७ साली कारण दाखविले: मुळे नव्हती म्हणून बुरशी मेली. इकडे अमेरिकेत लिंबूवर्गीय रोपवाटिकांची माती विषारी धुरीने शुद्ध करीत, शत्रू मरावेत म्हणून. रोपे निरोगी पण खुजी राहू लागली. १९७२ साली उलगडा झाला की शत्रूंबरोबर ही बुरशीही मेली होती. आपल्याकडे मोसंबीच्या बागेत बुरशीनाशकाची आळवणी करताना हे आठवावे.

याच गृहस्थांच्या आल्यात दुसरीही एक बुरशी आहे, ट्रायकोडर्मा. ही मुळाशी सावड करणारी नव्हे, राखणदार. कंदकूज आणणाऱ्या बुरशांना वेढते आणि खाते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे बायोमिक्स आणून शेणखतात मिसळून ते टाकतात. या राखणदाराची मोठी गंमत आम्हांस कोकणात कळली. तेथे कीर्तनास गेलो असता नारळ-सुपारीच्या सावलीत कोकोची झाडे पाहिली. कोकोला उघडे ऊन सोसत नाही आणि त्याची अन्न खाणारी मुळे वरच्या वीतभर मातीतच पसरतात. म्हणजे सावली दुसऱ्याची आणि खालीही सोबत दुसऱ्याची. लिनियसने १७५३ साली त्याचे जे नाव ठेविले त्याचा अर्थ देवांचे अन्न. नैवेद्यास मात्र आपण ते अजून दाखविले नाही, मुले परस्पर खातात! २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ट्रायकोडर्माची एक जात कोकोच्या रोपांच्या मुळांत वसविली आणि मग पाणी तोडले. ज्यांच्या मुळांत ती होती त्या रोपांची मुळे अधिक वाढली आणि ती उशिरा कोमेजली. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात १९८९ पासून कोकोच्या फांद्यांचे झाडू करून टाकणारा रोग पसरला आणि बागा उजाड झाल्या. तेथेही ट्रायकोडर्माचीच एक जात वाढवून सरकारी संस्थेने बागायतदारांना दिली. राखणदाराला या सर्वांत आसरा आणि अन्न मिळते. म्हणजे तोही उपाशीपोटी राखण करीत नाही.

राहिला पाकिटाचा प्रश्न. तो टाळून हा लेख संपविता आला असता.

तुकोबारायांनी कथेचे द्रव्य घेणारा आणि देणारा या दोघांचाही निषेध केला आहे, हे प्रत्येक वारकऱ्यास ठाऊक आहे. आम्ही गुरुजींबरोबर हिंडत होतो तेव्हा गाव दोन वेळचे जेवण आणि गाडीभाडे देई. पुढे मुलीचे लग्न आले, घराचे माळवद गळू लागले. प्रथम जे देतील ते घेऊ लागलो. मग आकडा सांगू लागलो. गेली वीस वर्षे फोनवर आकडा ठरल्यावाचून आम्ही तारीख दिलेली नाही. हे लिहिताना हात अडखळतो, पण त्या गृहस्थांनी विचारले ते सर्वांसमोर नव्हते, आणि उत्तर चोरून देणे बरे नव्हे.

सावड म्हणून सुटका करून घ्यावी, असे प्रथम मनात आले. मूळ साखर देते, बुरशी स्फुरद देते. गाव पाकीट देते, आम्ही कथा देतो. परंतु सावडीत आकडा आधी ठरत नाही. सावडीत एकबैल्या एकबैल्याशी जोडतो. येथे पट्टी गोळा होते त्यात रोजंदारीवर आले उकरणाऱ्या बाईचेही पैसे असतात, आणि ते किती दिवसांच्या मजुरीचे, हे आम्ही कधी विचारले नाही. जे गाव आकडा देऊ शकत नाही तेथे आम्ही गेलो नाही. म्हणजे आमचे हे सावड नव्हते, मजुरीच होती, आणि मजुरी असेल तर तिला सेवा म्हणू नये.

दुसरी बाजूही आहे. २०२० साली वारी पायी निघाली नाही. पालख्या एसटीने पंढरीस गेल्या. कीर्तने बंद झाली. आम्ही कित्येक महिने घरात बसलो. प्रथम वाटले, विश्रांती मिळाली. चौथ्या महिन्यात पाठ असलेली प्रमाणे विसरू लागली, आवाज बसला, आणि एक दिवस भिंतीसमोर उभे राहून निरूपण करू पाहिले तर दोन वाक्यांपुढे शब्द येईना. क्वीन्सलँडच्या पडीक जमिनीची हकीकत प्राध्यापकांनी सांगितली तेव्हा आम्हांस तो महिना आठवला. देवगावच्या मंडपात आपण देणारे आणि श्रोते घेणारे, असे आम्ही चाळीस वर्षे समजत आलो. ऐकणारे कान नसतील तर आमच्याजवळ देण्यास काही उरत नाही, हे आम्हांस त्या महिन्याने दाखविले. मग ज्यांच्यावाचून आपण जगत नाही त्यांच्याकडून वर आकडा कोणत्या तोंडाने मागावयाचा? आणि न मागावा तर माळवदाचे काय? घरी हा विचार बोललो तेव्हा सौभाग्यवतींनी दुसराच प्रश्न विचारला, तो येथे लिहीत नाही.

यंदाच्या माघात देवगावचे बोलावणे आले तेव्हा आम्ही आकडा सांगितला नाही. मंडळी गोंधळली. फोन करणारा तरुण तीनदा म्हणाला, 'महाराज, मोकळेपणानं सांगा.' शेवटी त्यांनी आपल्या मनाने पाकीट केले. आम्ही त्यातून गाडीभाडे घेतले आणि बाकीचे परत दिले. पुढच्या वेळी असेच करू की नाही, याची शपथ येथे वाहत नाही. त्या गृहस्थांनी बांधावर विचारले, 'मंग काय ठरलं, महाराज?' आम्ही म्हटले, 'अजून ठरले नाही.' ते 'बरं' म्हणाले आणि आल्याचा एक गड्डा मातीसकट आमच्या पिशवीत टाकला.

रात्री तोच दृष्टान्त पुन्हा सांगितला, साखरेसकट आणि डीएपीसकट. मोठे झाड लेकराला पाजते असे मागे सांगितले होते ते खरे नाही, हेही सांगितले. या खेपेस माना कमी डोलल्या. पंगतीत मात्र चार-पाच जण जवळ सरकले. एकाने विचारले की कोबीनंतर आले लावले तर बुरशी राहते का, आणि दुसऱ्याने विचारले की एकरी डीएपी किती टाकावे. आम्हांस दोन्ही सांगता आले नाही. पलीकडच्या रांगेत ते गृहस्थ जेवत होते, त्यांच्याकडे बोट दाखविले.